सड्याची हद्द

कार्तिक लागला की आमच्या दुकानासमोरच्या मैदानावर कबड्डीचे सामने भरतात. आदल्या संध्याकाळी मंडळाची पोरं चुन्याची पिशवी आणून मैदान आखायला घेतात. एकानं दोरी ताणायची, दुसऱ्यानं तळाला भोकं पाडलेलं डबडं हलवत चालायचं, की मागं पांढरी रेघ उमटत जाते. लग्न होऊन भंडाऱ्याला आले तेव्हापासून पितळी भांड्यांच्या या दुकानात गल्ल्यावर बसून मी ही आखणी बघते आहे. पूर्वी नुसती मजा वाटायची. आता काही वर्षं झाली, पहिली रेघ पडली की माझा गल्ल्याचा हिशेब हमखास चुकतो. मग पोरं हात झटकून निघून जातात, मी उठून दुकानाच्या पायरीवर पाणी मारते, आणि मला आपलं बरं वाटायला लागतं. नवरा म्हणतो, तुझं काही खरं नाही.

याच दिवसांत साकोलीकडून येणाऱ्या एसटीतून नव्या तांदळाची पोती उतरतात. माणसांच्या कपड्यांनाही तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, वास असतो. कोणी गिऱ्हाईक पाण्याचा गुंड बघायला वाकलं आणि त्याच्या खांद्यावर तणसाची काडी दिसली, की मी भाव सांगायच्या आधी विचारते, धान चुरून झाले का? बहुतेक जण हो म्हणतात. एखादा म्हणतो, अजून पुंजण्यातच आहेत, म्हणजे कापून रचून ठेवलेले, मळणी व्हायची. मग भावाचं राहून जातं आणि आम्ही पाऊस, तुडतुडा आणि मजुरांवर बोलत बसतो.

आमचं गाव सानगडीच्या बाजाराला जाणाऱ्या गावांतलं. गावाच्या मागं तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, आणि तलावाच्या पाळीला पाठ लावून बसलेली घरं. त्यातलं एक आमचं आणि त्याला लागून काकीचं. काकी म्हणजे माझ्या बाबांच्या धाकट्या भावाची बायको. बाबा गेले, मागोमाग काकाही गेले, आणि दोन घरांत दोन जावा उरल्या. आईला मी एकटी, तीही भंडाऱ्यात. काकीला प्रमोद. तो चिखल्याच्या खाणीवर ट्रक चालवतो, आठवड्याला घरी येतो, आणि आला की दोन्ही घरांचे बिघडलेले नळ दुरुस्त करून जातो. तो वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढं त्याच्यावर मी बरीच चिडणार आहे.

दोन घरांच्या मधून एक बोळ जातो. बैलबंडी कशीबशी जाईल एवढा. आमच्या घराला मागच्या बाजूनं दारच नाही, त्यामुळं मागं जायचं तर बोळातूनच. मागं आईची सांदवाडी आहे. तिथं वालाचा मांडव, चार वांगी, एक पपई, शेळीचा गोठा आणि अलीकडं बांधलेला संडास. थोडक्यात, पहाटे उठल्यापासून रात्री निजेपर्यंत आईचा जीव त्या बोळातून ये-जा करत असतो.

हा बोळ कोणाचा, याचा कागद कुठंही नव्हता. बांध्यांना सातबारा होता. आजोबांच्या हातची एक एक बांधी त्यात नावानिशी होती. घरांना मात्र काहीच नव्हतं. गावठाणातली जागा, पिढ्यान्‌पिढ्या राहतो म्हणून आमची. आजोबांनी दोन मुलांची वाटणी केली ती अंगणात उभं राहून, हातातल्या काठीनं. हे थोरल्याचं, ते धाकट्याचं, बोळ दोघांचा. काठी खाली ठेवली आणि जेवायला बसले, असं आई सांगते.

बोळ दोघांचा म्हटल्यावर त्याची झाडलोटही दोघींची आली. आई आणि काकी यांनी कधीतरी बाऱ्या ठरवून घेतल्या होत्या. अवसेपासून पुनवेपर्यंत एकीनं बोळ झाडून शेणाचा सडा टाकायचा, पुनवेपासून अवसेपर्यंत दुसरीनं. कोणता पंधरवडा कोणाचा, हे त्या घरात वाढूनही मला माहीत नव्हतं. मी उठायची तेव्हा सडा टाकून, वाळून, त्यावर कोंबड्या फिरून गेलेल्या असायच्या. उशिरा उठणाऱ्या मुलीला घराच्या पुष्कळ गोष्टी आयत्या मिळतात आणि तेवढ्याच कळायच्या राहतात.

त्या सालीही कार्तिकच होता. आमच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, नुकतीच होऊन गेली होती. मंडईला मी दरवर्षी माहेरी जाते. रात्रभर दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, बघायची, दुसऱ्या दिवशी जिलबी घेऊन भंडाऱ्याला परतायचं. त्या वेळी परतणं झालं नाही, कारण कोतवाल दवंडी देत आला. परवा ड्रोन येणार, गावठाणाची मोजणी होणार, आपापल्या जागेच्या हद्दीवर ज्यानं त्यानं चुना टाकून ठेवायचा. वरून फोटो निघेल, त्यावरून नकाशा, नकाशावरून प्रत्येक घराची सनद. ड्रोन हा शब्द गावात कोणाच्या तोंडी बसला नाही. सगळे विमानच म्हणत होते.

गावाला आधी फार आनंद झाला. आपल्या घराला आपलं नाव लागणार, कर्ज काढता येणार, घरकुलाला अडचण नाही. सानगडीच्या दुकानातला चुना दुपारपर्यंत संपला. आणि मग संध्याकाळपासून गावाचा आवाज बदलत गेला. ज्या दोन घरांमध्ये कधी कुंपणसुद्धा नव्हतं तिथं माणसं दोरी धरून उभी राहिली. तुझं पाणी कुठं पडते, माझा वासा कुठं टेकते, हे झाड कोणाच्या बापानं लावलं. गोठ्यांच्या मागून, विहिरीपाशी, सगळीकडून तेच ऐकू येत होतं. मंडईत खांद्याला खांदा लावून दंडार पाहिलेली माणसं एकमेकांना अहो-जाहो करायला लागली. आमच्याकडं भांडणाची ती पहिली पायरी असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रमोद गाडीवरून आला. त्याला तेव्हा नवं घर बांधायचं होतं आणि गाडी मागं लावायला वाट हवी होती. त्यानं डबडं घेतलं, बोळात उतरला आणि सरळ आमच्या भिंतीच्या पायथ्याला लागून रेघ मारली. बोळ अख्खा त्यांच्याकडं गेला.

मी ओट्यावरून ओरडले, "प्रमोद, हे काय करून राहिला तू?"

"ताई, फक्त नकाशापुरती हाय ना," तो वर न बघता म्हणाला. "जाण्यायेण्याले कोन मना करून राहिलं? मोठी आई हाय तोपर्यंत तिची वाट हाय."

"अन् मंग?"

"मंग काय? तुम्ही भंडाऱ्याले. मागं कोन राहते इथं?"

तो हे सहज बोलला. मला ते जिव्हारी लागलं. आई जिवंत, ओट्यावर बसून वाल सोलते आहे, आणि तिच्या मागचा हिशेब लागूनही गेला होता. उद्या प्रमोदनं घर विकलं, भाड्यानं दिलं, किंवा त्याची बायको आली आणि तिला ही म्हातारी उठता-बसता बोळातून जाताना नको वाटली, तर? कागदावर जे नाही ते मागायचं कोणाच्या तोंडानं? आईला संडासला जायलाही परवानगी काढावी लागली असती. हे सगळं मी त्याला सुनावलं. काकी त्यांच्या दारात उभी होती, तिलाही ऐकवलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

मला सगळ्यात जास्त राग आईचा आला. तिनं वाल सोलणं थांबवलं नाही. मी म्हटलं, तू बोलत काहून नाही? ती म्हणाली, "काय बोलू? त्याले बोलू की शेवंताले बोलू?" शेवंता म्हणजे काकी. मग ती शेंगांची टरफलं घेऊन शेळीकडं गेली. जाताना तिनं ती पांढरी रेघ पाय उचलून ओलांडली. चाळीस-एक वर्षं जिथून बघितल्याशिवाय गेली तिथं तिनं खाली बघून पाय टाकला. मला फार वाईट वाटलं.

आमच्या धंद्यात मालकीचा प्रश्न सोपा असतो. भांडं विकलं की नवरा छिन्नी-हातोडी घेऊन त्यावर नाव घालून देतो. मग ते भांडं लग्नात जावो नाहीतर तेराव्याला, परत आपल्या घरी येतं. पण आईच्या फळीवर काकीच्या नावाची ताटं आहेत आणि काकीच्या चुलीवर बाबांच्या नावाचा, भात शिजवायचा गंज. कधी कोण कोणाकडं काय घालून घेऊन गेलं हे दोघींनाही आठवत नाही. मी एकदा हौसेनं ती भांडी निवडून परत करायला बसले होते तर दोघींनी मला वेड्यात काढलं. त्या दिवशी ओट्यावर बसून मला तो गंज आठवत होता.

मोजणीच्या दिवशी सकाळी मी उठले ते शेणाच्या ओल्या वासानं. बाहेर दाट धुकं होतं. बोळात बघते तर रेघच नव्हती. बोळ या टोकापासून त्या टोकापर्यंत लखलखीत झाडलेला, त्यावर ओला सडा, आणि मागच्या तोंडाशी छोटीशी रांगोळीही. मला वाटलं, डोळ्यांवरची झोप गेली नाही अजून. मी अंगणाच्या बाहेर आले. समोरच्या घरीही चुना नव्हता. त्याच्या शेजारीही नाही. पुढच्या गल्लीत पोचले तर तिथं बायका कमरेवर हात ठेवून एकमेकींकडं बघत उभ्या होत्या आणि पुरुष डोकं धरून बसले होते.

झालं होतं असं, की विमान येणार, साहेब लोक येणार, वरून गावाचा फोटो निघणार, म्हणून अर्ध्याहून जास्त गावातल्या बायकांनी पहाटे उठून अंगणं झाडली होती. पाहुणे यायचे म्हणजे सडा पडायलाच हवा. अंधारात, धुक्यात, हात सवयीनं चालला. दिवसभर भांडून टाकलेला चुना खराट्याखाली गेला आणि त्यावर शेणाचं पाणी पडलं. काहींनी तर वर मोराची रांगोळी काढली होती.

मोजणीवाले साहेब जीपमधून उतरले आणि उभेच राहिले. बिचारे तरुण होते, नागपूरकडचे असावेत. "अहो, मी चुना टाकायला सांगितला होता," ते म्हणाले.

सरपंचबाई पुढं झाल्या. "टाकला होता जी. पण पाहुणे येऊन राहिले म्हणून बायांनी सडा टाकला."

"आता मी काय रांगोळ्या मोजू?"

कोणीतरी हसलं. मग दुसरं हसलं, आणि साहेबांनाही हसू आवरेना. मला वाटतं, त्या हसण्यानं गावाच्या अंगातला कालचा ताप निम्मा उतरला. साहेब गल्लीतून चालायला लागले, खाली बघत. एका ठिकाणी थांबले. दोन अंगणं लागून होती, आणि एकीचा सडा दाट, एकीचा पातळ. जिथं एक थांबला होता तिथंच दुसरा सुरू झाला होता, आणि मधली कड ओल्या मातीत साफ दिसत होती. साहेबांनी दोन्ही घरच्यांना विचारलं, हीच का हद्द? दोन्ही घरांतल्या बायका म्हणाल्या, हो, आमी इथवरच टाकतो. काल त्याच जागेवर त्यांचे नवरे हातघाईवर आले होते.

"मग ज्याचा सडा जिथवर, तिथवर चुना टाका," साहेब म्हणाले. "धुकं उठायच्या आत करा, लवकर."

गाव कामाला लागलं. एक एक घर सोडवत माणसं आमच्या गल्लीत आली. पण आमच्या बोळात सडा एकच होता. काकीच्या उंबऱ्यापासून निघालेला, सलग, आमच्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत. रंग एक, हात एक. प्रमोदच्या ते लगेच लक्षात आलं.

"पाहा साहेब," तो म्हणाला, "आमच्याच घरचा सडा हाय. भिंतीपर्यंत."

साहेब वाकून बघत होते. मी आईकडं पाहिलं. ती आमच्या दारात पदर सारखा करत उभी होती. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी काकी बोलली. ती फार हळू बोलते, त्यामुळं सगळ्यांना गप्प व्हावं लागलं.

"आज माही बारी होती जी," ती म्हणाली.

"बारी म्हणजे?"

"पंधरवडाभर मी टाकते, पंधरवडाभर ह्या बाई टाकते. बोळ दोघीचा हाय. आज माही बारी होती म्हणून सडा माहा दिसून राहिला. तुमी बाईच्या बारीले आले असते तं तुमाले तिचा दिसला असता."

"म्हणजे सामायिक आहे," साहेब म्हणाले.

"ते काय म्हणते ते तुमी लिवा."

प्रमोदनं आपल्या आईकडं बघितलं, मग जमिनीकडं. त्याला राग येण्यासारखं काही घडलंच नव्हतं. कोणी त्याला खोटं पाडलं नव्हतं. सडा टाकायची बारी आली, सडा टाकला, रेघ गेली, जशी गावभर गेली. काकीनं त्याच्या हातून डबडं घेतलं, बाजूला ठेवलं, पिशवीतला चुना मुठीत घेतला आणि रांगोळीची रेघ ओढावी तशी दोन बोटांतून सोडत आपल्या भिंतीला लागून ओळ काढली. मग तीच मूठ आईपुढं धरली. आईनं तिच्या हातातला चुना घेतला आणि आमच्या भिंतीला लागून दुसरी काढली. मध्ये बोळ मोकळा राहिला. मी आत जाऊन चुलीपाशी बसले आणि मला रडू आलं, कारण काल दुपारपासून छातीवर जे ओझं घेऊन मी फिरत होते ते कोणीतरी उचलून नेलं होतं.

धुकं उठल्यावर शाळेच्या मैदानावरून विमान उडालं. गांधीलमाशीच्या घोंगावण्यासारखा आवाज करत ते गावावरून गेलं. सगळं गाव वर तोंड करून उभं. आई आणि काकी बोळात उभ्या होत्या. काकी म्हणाली, "बाई, आपन दिसत असन का वो त्यात?" आई म्हणाली, "दिसत असन. पदर घे नीट."

पुढं नकाशे आले, चौकशी झाली, ग्रामपंचायतीत सनदा वाटल्या. आईनं तिची सनद मी दिलेल्या पितळी डब्यात ठेवली आहे. नकाशात बोळ नखाएवढा दिसतो. त्यावर सामायिक असं लिहिलं आहे. आईनं तो बघितला आणि म्हणाली, एवढासाच? प्रमोदनं पुढं घर बांधलं, मागं वाढवायचं ते वर वाढवलं, आणि गाडी शाळेजवळ लावतो. मागच्या पावसाळ्यात आई आजारी पडली तेव्हा तिला साकोलीच्या दवाखान्यात त्यानंच नेलं. त्याच्यावर चिडायला मला आता काही कारण उरलेलं नाही, तरी सवयीनं थोडी चिडते.

यंदा मंडईला गेले तेव्हा दोन-तीन दिवस जास्त राहिले. भंडाऱ्यात मैदानावर रेघा पडल्या की मला तिथून निघावंसंच वाटतं. सकाळी जाग आली तर आई बोळ झाडत होती. वाकून, एक हात गुडघ्यावर ठेवून. मी म्हटलं, तुला होत नाही तर काकीला सांगायचं.

"पुनवेपर्यंत माही बारी हाय," ती म्हणाली.

मी चहा ओतत होते, तो तसाच हातात राहिला. मंडई झाली होती. पुनव यायची होती. त्या सालीही मंडई नुकतीच झाली होती, दंडारीचा मांडव अजून उतरवायचा होता, आणि पुनव यायची होती.

"आई," मी म्हटलं, "विमान आलं तेव्हा बारी तुझी होती."

ती झाडत राहिली. "होती ना."

"मग त्या दिवशी सडा काकीनं..."

"ऐकू आला होता मले खराटा," ती म्हणाली. "मी जागीच होती. शेवंताचा हात कळते मले."

"मग उठली काहून नाही?"

"कायले उठू? ती टाकून राहिली होती ना."

एवढंच बोलून ती पाणी आणायला गेली. मी तिथंच उभी होते. काकीनं मुलाची रेघ मुलाच्या देखत पुसली नाही. सगळं गाव चुकणार आहे हे तिला तरी कुठं माहीत होतं? ती अंधारात एकटी उठली होती आणि उजाडल्यावर काय उत्तर द्यायचं ते एका वाक्यात ठरवून ठेवलं होतं, ज्यात बोळही राहिला आणि पोराची मानही राहिली. आणि आई भिंतीच्या अलीकडं अंथरुणात पडून, खराट्याचा आवाज आपल्या भिंतीपर्यंत येताना ऐकत होती. इतकी वर्षं दोघींनी ते एकमेकींनाही बोलून दाखवलेलं नाही.

आईच्या हातची बादली मी घेतली. तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं आणि काकी बाहेर आली. तिला आता नीट दिसत नाही. बोळात कोण आहे ते तिनं डोळे बारीक करून बघितलं.

"नंदा का? राहू दे वो, तू आजच्या दिस कर," ती म्हणाली. "परवा पुनव हाय. परवापासून माही बारी."

तिनं हे बोटंही न मोजता सांगितलं. ती दारातल्या तुळशीला पाणी घालायला वळली. मी पदर खोचला आणि काकीच्या उंबऱ्यापासून आमच्या भिंतीपर्यंत सडा टाकला.